माठावर चालणारा कॉम्प्युटर

वर्ध्यातला सगळ्यात मोठा आवाज ज्याच्या मालकीचा होता, तो माणूस घरात कुजबुजत बोलायचा. लग्न असो, गणपती असो की निवडणुकीची सभा, भोंगे आणि स्पीकरचे खोके काकांच्याच दुकानातून जायचे. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे, आणि सुरुवातीला मला वाटलं की हे आपल्यावर नाराज आहेत. मग एकदा त्यांनीच खुलासा केला. “सारा आवाज भाड्यानं देऊन टाकला ना,” ते म्हणाले, “घरच्यासाठी उरलाच नाई.”

काकूंचं बरोब्बर उलटं. त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला भाजीवाला गाडी वळवायचा. धंदा नवा होता तेव्हा त्या काकांबरोबर लग्नांना जायच्या आणि माइकवरून वरपक्षाच्या मंडळींना जेवायला बसायला सांगायच्या. ते असं सांगायच्या की वधूपक्षाचेही निमूट येऊन पंगतीत बसायचे. काका मुलगी बघायला रोहण्याला गेले, तेव्हाची एक गोष्ट त्या घरात कायम सांगितली जायची. पोहे बाहेर यायच्या आधी आतून आवाज आला होता. मांजर दुधाच्या पातेल्याशी गेली होती आणि आतली मुलगी तिची हजेरी घेत होती. काकांनी वडिलांच्या कानात सांगितलं, हीच. मुलगी अजून दिसलेलीसुद्धा नव्हती.

मी मूळची अल्लीपूरची. नव्वदचं दशक संपता संपता वर्ध्यात कॉम्प्युटरचे क्लास कुत्र्याच्या छत्रीसारखे उगवले, त्यातल्या एका क्लासात मी शिकवायचे. काका एकदा सहज म्हणून क्लास बघायला आले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी खालच्या डब्याला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. पोरं हसायला लागली. उठताना ते मला म्हणाले, की याच्या आत तीन पंखे आहेत आणि तिघांचंही एकमेकांशी जमत नाही. झाकण उघडून पाहिलं तर पंखे खरंच तीन होते.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक कॉम्प्युटर घर करून बसला. आवाजाचं काम करणारा, नागपुरात मिळेल त्या सगळ्यात भारी प्रोसेसरचा, पोटभर मेमरीचा, आणि भिंतीसारखा गप्प. तो कशाला हवा, असं मी विचारलं, तर म्हणाले, “ऐकाले.” काय ऐकायला, तर कापसाचं बोंड उमलताना आवाज होतो म्हणे, तो त्यांना धरायचा होता. मी कापसाच्या गावची. असा काही आवाज होत नाही, हे मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आंधळ्याकडे आपण पाहतो. मग हळूच म्हणाले, की वावरात नेहमी वारा असतो, बायका बोलत असतात, तुला कसा ऐकू येईल.

संध्याकाळी पुढच्या छपरीत खुर्च्या टाकून आम्ही त्या कॉम्प्युटरचे बेत करायचो. दुकानात गिऱ्हाइकांच्या उरलेल्या लग्नपत्रिकांचा ढीग होता, त्यांच्या कोऱ्या पाठीवर काका चित्रं काढायचे. समोर कुणीतरी कुणाशी चिरंजीव-सौभाग्यकांक्षिणी होत असायचं आणि मागे मदरबोर्ड. कोणता प्रोसेसर घ्यायचा हे ठरायचं, मग महिन्याभरात त्याहून चांगला निघायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मला सुरुवातीला कंटाळा यायचा. पुढे त्याची गोडी लागली. न घेतलेल्या वस्तूचं जेवढं कौतुक त्या छपरीत झालं, तेवढं घेतलेल्या वस्तूचं मी कुठेच पाहिलं नाही. छपरीपुढच्या कडुलिंबाचा मोहोर त्या पत्रिकांवर पडायचा आणि काका तो न झटकता त्याच्या कडेकडेने रेघ ओढायचे.

अडायचं ते एकाच ठिकाणी. जितका भारी प्रोसेसर, तितका तो तापणार. तापला की पंखा हवा, आणि पंखा आला की आवाज आला. त्यातून आमचा उन्हाळा. बाकीच्या गावांत माणसं हवापाण्याविषयी बोलतात, आमच्याकडे होळी झाली की कुलरविषयी बोलतात. कुणाचं गवत बदलून झालं, कुणाचा पंप जळाला, कुणी वाळ्याच्या ताट्या लावल्या. काकांनी कुलरचा विचार केला, एसीचा केला, घरामागच्या विहिरीत कॉम्प्युटर सोडायचाही केला. तो विहिरीचा बेत काकूंनी एका वाक्यात बुडवला.

उपाय सापडला तो भर वैशाखात. काका माठावर हात ठेवून उभे होते. नुसते उभे. काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली, म्हणजे सगळी गल्ली जेवायला गेली असेल, पण हे हलेनात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तू सांग. बाहेर आग लागून राह्यली अन् याचं पोट थंड. याले कोनता पंखा हाये?”

झालं. त्या दिवसापासून पत्रिकांच्या पाठीवर माठ दिसायला लागला. प्रोसेसरवर पंख्याऐवजी तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा. त्यातून नळीने पाणी फिरवायचं. ते तापलेलं पाणी भिंतीतून बाहेर छपरीत न्यायचं, माठात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवून थंड करायचं आणि परत आत आणायचं. माठातलं पाणी वेगळं, नळीतलं वेगळं. ढकलायला कुलरचा छोटा पंप, तोही बाहेरच, पेढ्यांच्या जुन्या डब्यात बुडवलेला. पॉवर सप्लायला पंखा असतो, म्हणून त्यालाही लांब वायर लावून भिंतीपलीकडे हाकलायचं. हार्डडिस्क घुमते, म्हणून तिला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगायचं, बाळाला झोळीत टांगतात तसं. मी सगळं तपासलं. चूक काढायला फार उत्सुक होते, पण निघाली नाही.

कॉम्प्युटरचं खोकं मात्र त्यांनी गल्लीच्या तोंडच्या कुलरवाल्याकडून पत्र्याचं करून घेतलं. तो माणूस जन्मभर कुलरच करत आला होता. खोकं आलं ते छोट्या कुलरसारखं, तिन्ही बाजूंनी झरोके आणि तळाशी पाणी काढायला भोक. काका त्याच्यावर रागावले नाहीत. ते रिकामं खोकं त्यांनी घरात आणून ठेवलं, आणि दोन उन्हाळे ते तिथे रिकामंच राहिलं. काकू त्यावर पापड वाळवायच्या. मला वाटतं काकांना ते तसंच हवं होतं. बांधून झालेल्या कॉम्प्युटरपेक्षा बांधायचा राहिलेला कॉम्प्युटर जास्त गप्प असतो.

मग काकूंचा आवाज बसला. आधी सगळे म्हणाले, ओरडून ओरडून बसला असेल. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, पाव्हण्यांनी सांगितलेलं सगळं झालं. पुढे काका त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. गळ्यात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. काढली तर माणूस वाचेल, पण बोलणार नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती मे महिन्यातली.

त्या संध्याकाळी काका छपरीत आले, पण पत्रिका घेऊन बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नागपूरला गेले आणि जे दोन वर्षांत घेतलं नव्हतं ते सगळं एका फेरीत घेऊन आले. पापड खोक्यावरून उठले.

बेत मोठा होता. काकूंनी सगळी बाराखडी म्हणायची, एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. ती कॉम्प्युटरमध्ये साठवायची. ऑपरेशननंतर काकूंनी बटणं दाबायची आणि कॉम्प्युटरने ती अक्षरं जोडून बोलायचं, काकूंच्याच आवाजात. म्हणून भारी प्रोसेसर, म्हणून मोठी मेमरी, आणि म्हणून मुळीच आवाज नको. अक्षराच्या पाठीमागे घरघर असली तर जोडताना ती प्रत्येक अक्षराबरोबर येणार. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की जोडलेली अक्षरं माणसासारखी वाटत नाहीत, वर्धा स्टेशनवरच्या घोषणेसारखी वाटतात. काका म्हणाले, “मंग? तरी गाडी येतेच ना?” खरं सांगायचं तर मला त्यांचा फार हेवा वाटला. आपला आवाज जाणार म्हटल्यावर आपल्यासाठी कुणी भिंतीला भोकं पाडेल का, असं माझ्या मनात आलं.

कॉम्प्युटर उभा राहिला. सुरू केला तरी सुरू झाला की नाही ते दिव्याकडे पाहूनच कळायचं. काकांनी खोक्याला कान लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. आत काहीच नव्हतं. बाहेर, रस्त्याच्या बाजूच्या छपरीत, तिवईवर माठ, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, आणि माठाच्या तोंडातून दोन नळ्या भिंतीत गेलेल्या. प्रोसेसर आत काम करायचा आणि घाम बाहेर माठाला यायचा.

काकू बाहेर येऊन बघून गेल्या. त्यांना ते काही बरं दिसलं नाही. थोड्या वेळाने माठावर लाकडी झाकण आलं, झाकणावर पितळी गिलास उपडा पडला. काका म्हणाले, अगं, हा प्यायचा माठ नाही. काकूंच्या बसक्या आवाजातही जोर होता. “पान्यावर झाकन नाई, गिलास नाई, असं कुठं असते काय? लोक काय म्हनतीन?”

आता मे महिन्यात, रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, ओल्या गोणपाटातला माठ आणि वर गिलास. वर्ध्यात याचा अर्थ एकच होतो, आणि तो कुणाला विचारावा लागत नाही. संध्याकाळी काका पाणी मोजायला गेले तर माठ अर्धा. त्यांनी आधी बाष्पीभवन धरलं. पत्रिकेच्या पाठीवर हिशेबही मांडला. मी खिडकीतून पोस्टमनला पिताना पाहिलं होतं, तसं सांगितलं. पोस्टमन जाताना तक्रारही करून गेला होता, की यंदा तुमचा माठ जरा कोमट आहे.

पाटी लावा, मी म्हटलं, पिऊ नये म्हणून. काकांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे एकदा, बोंडाच्या वेळी, पाहिलं होतं. “माठावर लिहाचं, पिऊ नोका?” ते म्हणाले. “तहानलेल्या मानसाले मी तोंड कसं दाखवू?” त्यापेक्षा जास्त पाणी भरू, असं ठरलं. वेटोळं बुडलेलं राहिलं म्हणजे झालं. वेटोळं उघडं पडलं तर मात्र खैर नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आम्ही दुपारी बसायचो. मेच्या दुपारी वर्धा गावात आवाज नसतो. पाखरंसुद्धा तोंड उघडं ठेवून गप्प असतात. आम्ही कुलर बंद करायचो, पंखा बंद करायचो, दारंखिडक्यांना गोधड्या लावायचो. आत भट्टी. काकूंनी बांगड्या काढायला साफ नकार दिला, म्हणून त्यांच्यावर रुमाल बांधला होता. काका कानांना हेडफोन लावून डोळे मिटून, मी कीबोर्डवर, आणि काकू माइकसमोर पाटावर, शाळेतल्या पोरीसारख्या मांडी घालून. क, का, कि, की. प्रत्येक अक्षर झालं की मी ते साठवायचे आणि बोट वर करायचे. त्या खोलीत अर्धवट अंधार असायचा, गोधडीच्या टाक्यांतून उन्हाचे ठिपके आत यायचे, आणि घामाने भिजलेली ती बाई एकेक अक्षर असं समोर ठेवायची जशी निवडलेली ज्वारी ताटात ठेवते. मला झोप नव्हती आणि जागही नव्हती. अजूनही कुणी बाराखडी म्हटली की मला गरम व्हायला लागतं.

ऑपरेशन अगदी जवळ आलं तेव्हा आम्ही ‘ध’ला पोचलो होतो. त्या दुपारी रेकॉर्डिंग चालू असताना बाहेर झाकण वाजलं. काकांनी हेडफोनमध्ये ते आधी ऐकलं असणार, कारण त्यांनी हात वर केला. थांब. काकू थांबल्या. पुन्हा झाकण वाजलं, मग गिलास, मग लहान मूल रडल्याचा आवाज. काकांचा हात वरच होता. आणि काकूंनी मान वळवली आणि भिंतीपलीकडे हाक दिली. गळा इतका बसलेला, पण ती हाक निघाली ती जुनी, सगळी गल्ली वळवणारी.

“प्या भाऊ, पोटभर प्या. गूळ बी घेऊन जा, नुसतं पानी पिऊ नोका.”

मी सवयीने साठवलं आणि बोट वर केलं. काकू गुळाचा डबा घेऊन बाहेर गेल्यासुद्धा.

बाहेर वऱ्हाड होतं. त्यांचा टेम्पो पुढच्या चौकात बंद पडला होता आणि बायका-पोरं, म्हातारे, नव्या कपड्यांत, डोक्यावर पदर आणि टॉवेल घेऊन उन्हातून चालत आले होते. काकू गिलास भरून देत होत्या. मग काका हेडफोन काढून बाहेर गेले, कारण म्हाताऱ्यांना बसायला सतरंजी हवी होती. मग मीही गेले, कारण एकट्या काकूंना पुरेना. कुणी आणखी मागितलं, दिलं. एका बाईने पोराचं डोकं भिजवलं. काकांनी नवरदेवाला ओळखलं, त्याच्या बापाच्या लग्नात भोंगा त्यांचाच होता. त्यावर सगळे हसले. माठ तिरका करून शेवटचा गिलास मी स्वतः भरला. आम्हा तिघांना जे माहीत होतं ते आम्हा तिघांपैकी एकालाही आठवलं नाही.

आत आलो तेव्हा पडदा काळा होता आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास होता. काकांनी खोक्याला कान लावला. बराच वेळ लावून बसले. काकू दारात गुळाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून काका म्हणाले, की काही नाही, झोपला आहे. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि कुजबुजत तर मुळीच येत नसे.

दुसरा बोर्ड आणायला काका निघणार तोच काकूंना रात्रीतून श्वासाचा त्रास झाला. दवाखान्यात लगेच भरती करून घेतलं, आणि ऑपरेशन दोन दिवस अलीकडे आलं. ऑपरेशन चांगलं झालं. काकू वाचल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला गोष्टीत ताटकळायला आवडत नाही.

ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगलेली हार्डडिस्क मात्र शाबूत होती. काकू घरी आल्यावर एक दिवस मी ती क्लासातल्या जुन्या, घरघरत्या कॉम्प्युटरला जोडून घरी आणली. काकांनी होती तेवढी अक्षरं जोडून एक शब्द वाजवला. काका. दोन ‘का’, एकापुढे एक. स्वच्छ, बिनघरघरीचे, आणि कुणाचेच नव्हेत. काकूंनी ऐकलं आणि ही कोण बाई, अशा अर्थाने हात हलवला. काकांनी पुन्हा वाजवला. मग ते मान खाली घालून बसले. त्यांच्या त्या दोन वर्षांच्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच यादीतली शेवटची फाइल दाबली.

प्या भाऊ, पोटभर प्या. मागे झाकणाचा आवाज, पोराचं रडणं, रुमालातून सुटलेल्या बांगड्या. काकूंनी एकदम तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आवाजाशिवाय, आणि काकांकडे बोट दाखवत होत्या, की बघा, मध्येच बोलले तेवढंच कामाचं निघालं. काका म्हणाले, “हीच.”

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी वर्धा सोडलं. बऱ्याच वर्षांनी, एका उन्हाळ्यात, स्टेशनवरून मुद्दाम वाट वाकडी करून गेले. काकांच्या दुकानाभोवती आता नवीन पोरांच्या डीजेच्या पाट्यांची गर्दी होती, आणि दुकानाला कुलूप. छपरीत मात्र माठ होता. ओलं गोणपाट, झाकण, पितळी गिलास. झाकण उचलून आत डोकावले, तर तळाशी तांब्याचं वेटोळं अजून तसंच. नळ्या तेवढ्या कापलेल्या होत्या. आतून काका आले, खूप वाकलेले, आणि मला ओळखून पुटपुटले, की तांब्याचं पाणी पोटाला चांगलं असतं, म्हणून राहू दिलं.

मी गिलास भरून तोंडाला लावला. कुठूनतरी, माझ्या खांद्याच्या उंचीवरून, आवाज आला. प्या भाऊ, पोटभर प्या. लिंबाच्या फांदीला एक छोटासा स्पीकर बांधलेला होता, बिडीच्या पुड्याएवढा, आणि त्याचा आवाज काकांनी इतका बारीक ठेवला होता की पिणाऱ्यालाच ऐकू जावा, रस्त्याला नाही. जन्मभर गाव दणाणून सोडणाऱ्या माणसाने लावलेला तो सगळ्यात लहान भोंगा. गूळ बी घेऊन जा, तो म्हणाला, नुसतं पानी पिऊ नोका.

खिडकीत काकू बसल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल, एका हाताखाली दारावरच्या घंटीसारखं बटण आणि पुढ्यात गुळाचा डबा. मला पाहून त्यांनी दोन्ही हातांनी बोलवलं, मी गेले, त्यांचे हात धरले, आणि घडाघडा बोलत सुटले, मुलं कशी आहेत, अल्लीपूरला कोण कोण आहे, असं. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात सोडवून घेतला आणि डब्याकडे पाहिलं.

मी गूळ घेतला नव्हता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.